डाव्या पायाची गाडी

॥ श्री ॥

मांजलपूर, बडोदे
ता. ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रतापराव भावजी यांस,
मंदाकिनीचा स. न. वि. वि.

दूध वर येत होते म्हणून मी गॅसपाशी उभी होते आणि उभ्या उभ्याच मेथी निवडत होते. पिंप भरायला नळ सोडला होता. ईशानीचा डबा झाला होता, अभिजितचा व्हायचा होता. खाली पार्किंगमध्ये त्याच्या गाडीचे दार लागले. हा डबा न घेताच निघाला असे वाटून मी खिडकीतून हाक मारायला वळले, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. गाडी एकदम पुढे उडी मारून पंपरूमच्या भिंतीवर आदळली होती. मी मेथी हातात घेऊनच खाली धावले. त्याला लागले नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो खाली आपल्या पायांकडे बघत बसला होता. मला म्हणाला की आई, माझा पाय क्लचवर आहे असेच मला वाटत होते.

पाय क्लचवर नव्हता. शेजारी चटईवर होता.

ही गोष्ट गणपतीच्या आधीची. तुम्हाला कळवली नाही, कारण कोणाला सांगायचे नाही अशी त्याने आई म्हणून मला आणि बायको म्हणून ईशानीला ताकीद दिली आहे. आज ती मोडते. तुम्ही ह्यांचे सख्खे भाऊ, तुमच्यापासून लपवून मला झोप लागत नाही.

त्यानंतर तपासण्या झाल्या. पाठीच्या कण्यातले पाणी काढले, बोगद्यासारख्या यंत्रात झोपवले. विजेच्या तारेवर रबर असते तसे नसांवर एक आवरण असते, ते त्याचे स्वतःचेच शरीर खाते आहे, असे डॉक्टर म्हणाले. डावा पाय गुडघ्याखाली हलतो, पण तो कुठे आहे हे त्याला कळत नाही. औषधाने वेग कमी होतो, गेलेले परत येत नाही. पुढे काय असे विचारले तर सांगता येत नाही म्हणाले. काहींचे वर्षानुवर्षे तेवढ्यावरच थांबते. मी लायब्ररीतून पुस्तक आणले आहे. इंग्रजी आहे, शब्दकोश मांडीवर घेऊन बसते. तेही डॉक्टरांइतकेच सांगते, फक्त पाने जास्त घेते.

आता खरे कारण लिहिते. रिपोर्ट हाती आला त्याच आठवड्यात त्याने स्पोर्ट्स कार बुक केली. कॉलेजात असताना कपाटाच्या दाराला आतून जिचे चित्र चिकटवले होते तीच. दोन दारांची, आत बसायचे म्हणजे पाटावर बसल्यासारखे. चाळिशी झाली की घेईन म्हणायचा, अडतिसाव्या वर्षीच घेतो आहे. ईशानी आणि मी आड आलो नाही. त्याची कमाई, त्याची हौस.

पण ती गाडी दोन तऱ्हांची मिळते. एक मॅन्युअल, म्हणजे डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि हाताने गिअर टाकायचा. दुसरी ऑटोमॅटिक, तिचे गिअर तिचे तीच बदलते, डाव्या पायाला कामच नाही. उजवा पाय चांगला आहे, ऑटोमॅटिक खुशाल चालवा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. अभिजितला मॅन्युअलच हवी. हल्ली तो जेवताना टेबलाखाली एक वीट ठेवतो आणि डाव्या पायाने ती दाबत राहतो. कोणती ते पंधरा डिसेंबरच्या आत शोरूमला सांगायचे आहे. ईशानी समजावून थकली. ती ओरडली की तो गप्प, ती रडली की तो बाहेर.

हे गेले तेव्हा वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलली, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत सगळे संपले होते. करण्यासारखे काही माझ्या हातात आलेच नाही. या वेळी संकट आधी कळवून, एकेक पायरी चढून येते आहे. मी दारातच उभी आहे, आणि तरी मला काही करता येत नाही. मुलगा कोणाचे न ऐकता तीच क्लचची गाडी घेऊन निघाला की तो ऑफिसात पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी हातातले काम तसेच धरून उभी राहते.

त्याला गाडी तुम्ही शिकवलीत. तुमचे तो ऐकेल. ऑटोमॅटिकच घे असे तुम्ही लिहा. मात्र एक सांभाळा. डभोईचे पत्र सगळे जेवायला बसल्याशिवाय फोडायचे नाही आणि मोठ्याने वाचायचे, ही ह्यांनी घातलेली पद्धत आमच्याकडे अजून चालू आहे. तुमचे पाकीट मी मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते आणि रविवारी ईशानी वाचते. तेव्हा तुमचा शब्द न् शब्द तो ऐकणार. पायाचे नाव काढू नका. मी तुम्हाला फक्त कोणती गाडी बरी एवढेच विचारले, असे लिहा.

प्रतिमाला आशीर्वाद. तुमची माया दाट आहे, ती तशीच राहू द्या.

तुमची वहिनी,
मंदाकिनी

---

॥ श्री ॥

डभोई
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि. ‘गं. भा.’ लिहायला तुम्ही बंदी घातली आहे, म्हणून नुसते ‘ती.’ वर भागवतो.

तुमचे पत्र पोचले. चि. अभिजित स्पोर्ट्स कार घेतो आहे हे वाचून मी प्रतिमाला हाक मारली. तिने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. कानाचे यंत्र कपाटात सुखरूप आहे, त्याची काळजी नसावी. इकडे वाटाणा चांगला येतो आहे, बसने कोणी येणारे भेटले तर पाठवतो.

गाडी कोणती घ्यावी असे तुम्ही सहज विचारले आहे, म्हणून सहजच लिहितो. माझे स्पष्ट मत असे की ऑटोमॅटिकसारखी गाडी नाही. मॅन्युअलचे दिवस गेले. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ऑटोमॅटिक घेतली, तेव्हापासून त्यांची प्रकृती सुधारली. बडोद्याच्या रहदारीत, मांडवीच्या गर्दीत, सारखा गिअर बदलत बसणे हे शहाण्याचे काम नाही. मी स्वतः आता जीप विकून एक ऑटोमॅटिक घेण्याच्या विचारात आहे.

शिवाय माणसाने दोन पायांपैकी एकाला कधीतरी विश्रांती द्यायला हवी. डाव्या पायाला आपण आयुष्यभर क्लचवर राबवतो. सरकारसुद्धा नोकराला पेन्शन देते, मग डाव्या पायाने काय घोडे मारले आहे? त्याला बसून खाऊ द्यावे. उजवा आहेच करता-सवरता.

तरी चि. अभिजितने ऑटोमॅटिकच घ्यावी अशी काकाची मनापासून सूचना आहे. सौ. ईशानीला आशीर्वाद, तिचे वाचन चालू असेल तर तिने इथे थांबून पाणी प्यावे.

वडीलकीचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
प्रताप

---

॥ श्री ॥

मांजलपूर, बडोदे
ता. २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय भावजी,
स. न. वि. वि.

काल रविवारी तुमचे पत्र वाचले. भाखरी, वांग्याची भाजी आणि बाहेरून आणलेली सेव-उसळ होती. ईशानीने पाकीट फोडले. डॉक्टरांची प्रकृती सुधारल्याचे आले तेव्हा अभिजित हसायला लागला. जीप विकण्याचे आले तेव्हा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला म्हणाला की काका ऑटोमॅटिकला आजवर सेलवरचे खेळणे म्हणत आले, एका लग्नात तर ऑटोमॅटिकने आला म्हणून व्याह्यांच्या भाच्याशी तासभर बोलले नाहीत, त्यांना हे अचानक काय झाले. किती दिवसांनी तो असा हसत होता. मीही हसले.

मग डाव्या पायाच्या पेन्शनचे वाक्य आले. ईशानी वाचता वाचता अडखळली, पण शब्द तोंडातून गेलेला होता. त्याचे हसणे थांबले. त्याने वाकून टेबलाखालची वीट काढली आणि ताटाशेजारी ठेवली. आई, काकांना सांगितलेस ना, असे शांतपणे विचारले. मी हो म्हणाले. मला खोटे बोलता येत नाही आणि तुम्हालाही येत नाही, भावजी. तुम्ही इतके चांगले करायला गेलात की सगळेच उघडे पडले. तुम्हाला दोष देत नाही. असे पत्र लिहा म्हणून सांगणारी मीच.

तो म्हणाला की ज्या माणसाचे कानाचे यंत्र पाच वर्षे कपाटात पडले आहे, त्याने मला पायाबद्दल शहाणपण शिकवू नये. आधी काकांनी यंत्र लावावे, मग मी ऑटोमॅटिक घेतो. आणि म्हणाला की यापुढे डभोईचे पत्र टेबलावर वाचायचे नाही, ज्याचे त्याने वाचावे. ह्यांनी सुरू केलेली गोष्ट अशी काल बंद झाली. पाकीट आता माझ्याकडेच येईल, तेव्हा तुम्ही मोकळेपणाने लिहा.

नंतर मी त्याच्या खोलीत गेले. मॅन्युअलचा एवढा हट्ट कशासाठी ते मला नीट समजावून सांग, मी अडाणी आहे असे धर, म्हटले. तो सांगत बसला. क्लच सोडताना एक जागा येते, तिथे इंजिन चाकांना हलकेच पकडते, ती तळपायाला कळते. त्या जागेसाठी ती गाडी घ्यायची. ते काम यंत्राने केले तर आपण नुसते बसलेले गिऱ्हाईक. मी विचारले की तुझ्या तळपायाला ती जागा आता कळते का. तो म्हणाला, कधी कधी. मग म्हणाला की आई, मला सहा महिने मिळतील किंवा वर्ष मिळेल. दहा वर्षे नुसते बसून जाण्यापेक्षा ते सहा महिने मला हवे आहेत.

मी त्याच्या पायांवर पांघरूण घातले आणि बाहेर आले. यावर तुम्हाला काही उत्तर सुचते का? सुचले तर खरे तेच लिहा. माझ्या बाजूने लिहिण्याची गरज नाही.

आज सकाळी वीट तुळशीच्या कुंडीखाली गेली होती. दुपारी परत टेबलाखाली आली.

रागावला नसाल तर दोन ओळी जास्त लिहा.

तुमची,
मंदाकिनी

---

॥ श्री ॥

डभोई
ता. २९ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र लावले आहे. पत्र वाचून झाल्यावर उठलो आणि लावले. घर फार मोठ्याने बोलते. कुकर, कावळे, शेजारच्यांचा टीव्ही, सगळे एकाच अंतरावरून येते. प्रतिमा मला इतकी वर्षे काय काय म्हणत होती तेही आता कळू लागले आहे. चि. अभिजितला सांगा, काकाने अट पुरी केली. त्याने पुरी करावी असे मी म्हणणार नाही, कारण खरे लिहा असे तुम्ही बजावले आहे.

खरे असे की तो म्हणतो ती जागा असते. जीपचा क्लच सोडताना ती मला अजून भेटते. कान गेले तेव्हा इंजिन ऐकू येईना, तर मी तळपायाने ऐकायला लागलो. हे सुख माझ्याकडून कोणी काढून घेतले तर मीही वीट दाबत बसेन. त्याला सहा महिने हवेत. वहिनी, मला ते चूक म्हणता येत नाही. तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, पण एकदा खोटे लिहून बघितले आणि त्याचे काय झाले ते आपण पाहिले.

मात्र त्याचा पाय खरोखर किती चालतो ते मला बघायचे आहे. रिपोर्ट मला कळत नाहीत, गाडी कळते. आठ तारखेच्या रविवारी त्याला इकडे पाठवा. ईशानीने बसस्टँडपर्यंत सोडावे, तो बसने येईल, मी घ्यायला जाईन. जीप देतो त्याच्या हातात आणि शेजारी बसतो. कालव्याकडेचा रस्ता रविवारी मोकळा असतो. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसेन. प्रतिमा नको म्हणते आहे, आणि आता ते मला ऐकूही येते.

काळजी करू नका असे लिहिणार होतो, पण तुम्ही ती करणारच.

आपला,
प्रताप

---

॥ श्री ॥

डभोई
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

अभिजित काल संध्याकाळी घरी पोचला असेल आणि सगळे छान झाले असे त्याने सांगितले असेल. मी वेगळे सांगतो.

सुरुवातीला छानच झाले. जीपचा क्लच जड, तरी गिअर एकदाही वाजला नाही. अठराव्या वर्षी चालवायचा तसा चालवत होता, कोपर खिडकीवर टाकून. मला माझ्या कानांबद्दल विचारत होता, मी सांगत होतो, हसत होतो. मग एका पुलाशी शेळ्या आडव्या आल्या. मागे दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, त्यांना हाकत. थांबायला वेळ भरपूर होता. पण त्याने समोर बघायचे सोडून खाली बघितले. आधी डावा पाय कुठे आहे ते बघितले. मग उजवा कुठे आहे ते बघितले. मग ब्रेक दाबला. मी हँडब्रेक ओढला होताच. जीप बंद पडून उभी राहिली. मुलगी आमच्याकडे बघून हसली आणि शेळ्या घेऊन गेली. तिला काही कळलेच नाही.

मी किल्ली काढून घेतली. मग विचारले की उजवाही का रे. दिवाळीपासून, असे म्हणाला. बोटांपासून सुरू झाले आहे. ईशानीला माहीत नाही, आईला माहीत नाही, डॉक्टरला पुढच्या वेळी सांगणार आहे. तुम्हीही सांगू नका म्हणाला. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्ही दोघांनीही आता बघितले आहे, तेव्हा सरळ लिहून मोकळा होतो.

परत येताना जीप मी चालवली. म्हणजे आता पायाने ऑटोमॅटिकसुद्धा सुरक्षित नाही. बँकेतला माझा एक जुना सहकारी लहानपणापासून पोलिओचा आहे. तो हाताने गाडी चालवतो. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवून घेतात. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. पण दांडा ऑटोमॅटिकलाच बसतो, क्लचच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. हे मी अभिजितला सांगितले. त्याने खिडकीबाहेर बघत उत्तर दिले की त्यापेक्षा मॅन्युअल घेतो आणि चालेल तेवढे दिवस चालवतो.

गेल्या पत्रात मी त्याला चूक म्हणता येत नाही असे लिहिले होते. ते आज परत घेतो. त्या मुलीचे हसणे डोळ्यांपुढून जात नाही. पण त्याच्या तोंडावर मला ते म्हणता आले नाही. माझ्या अंगाखांद्यावर लहानाचा मोठा झालेला मुलगा, त्याला काय म्हणू? दादा असते तर बाप म्हणून त्यांनी काय केले असते याचा विचार करत बसलो, आणि तेही बहुधा गप्पच बसले असते असे वाटले.

कधीतरी फोन करून बघा. आता मला ऐकू येईल.

आपला,
प्रताप

---

॥ श्री ॥

मांजलपूर, बडोदे
ता. १५ डिसेंबर २०२४

प्रिय भावजी,
स. न. वि. वि.

फोन करणार होते. पण जे सांगायचे आहे ते बोलताना मी मध्येच थांबेन आणि तुम्ही हॅलो हॅलो करत राहाल, म्हणून लिहितेच.

तुमचे पत्र गुरुवारी आले. मी ते वाचले आणि ईशानी शाळेत शिकवून आल्यावर तिच्या हातात दिले. लपवालपवी पुरे झाली असे माझ्या मनाने घेतले. तिने उभ्यानेच वाचले. मग ओट्याला टेकून म्हणाली की दिवाळीपासून गेल्या आठवड्यापर्यंत हा मला रोज शाळेत सोडत होता, रोज, त्या रहदारीतून. तिला रडू आले नाही. तिने पत्र घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवले आणि कणीक मळायला घेतली, आणि इतकी मळली की शेवटी मी परात काढून घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी तो रिक्षाने घरी आला. गाडी बिघडल्याचे सांगत होता ते खोटे, डभोईहून आल्यापासून आपणच तिला हात लावला नाही म्हणाला. किल्ली त्याने आधीच ईशानीच्या पर्समध्ये टाकून ठेवली होती, ती तिला तोपर्यंत सापडलीही नव्हती. म्हणजे त्याला सगळे कळत होते. मला वाटत होते की आपल्याला त्याला समजावायचे आहे. समजावण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत बसलो. शनिवारी शोरूम बंद व्हायच्या आत सांगायचे होते. त्याने मोबाइलवर तो कागद उघडला. दोन चौकोन होते, एकावर बोट टेकवायचे एवढेच. बोट वर धरून तो किती तरी वेळ बसला आणि मोबाइल उपडा ठेवला. म्हणाला की मला येत नाही. ऑटोमॅटिकवर बोट ठेवले की पाय गेले असे मीच लिहून दिल्यासारखे होते. मॅन्युअलवर ठेवले की ती शेळ्यांची मुलगी दिसते. ईशानी म्हणाली की मग गाडीच नको, बुकिंग सोडून दे. त्यावर तो असा वळून तिच्याकडे बघायला लागला की तिने लगेच त्याचा हात धरला आणि नाही, नाही म्हणाली, गाडी घे, गाडी घेच.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला की आई, तू किती पुस्तके वाचलीस यावर, त्यात असे लिहिले आहे का की माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचे किती कापायचे. मी म्हटले की तसे काही लिहिलेले नाही. पुस्तकात रोग आहे, तू नाहीस.

त्याला मी दिलासा दिला नाही, भावजी. माझ्याजवळ नव्हता. मी एवढेच सांगितले की तुझे सहा महिने तुझे होते, तुझ्या एकट्याचे असते तर मी ते देऊन टाकले असते आणि रोज दारात उभी राहिले असते. तुझे वडील गेल्यावर मला वाटले होते की आता यापेक्षा वाईट काही येणार नाही. येते. तुझी गाडी दुसऱ्याच्या पोरीला लागली तर तूही जगणार नाहीस, मग मीही नाही. तो म्हणाला, माहीत आहे. सगळे माहीत आहे, पण तोंडातून येत नाही. माझ्या तोंडातून ते कोणी काढू नका. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

ईशानी माझ्याकडे बघत राहिली. शोरूमला मी जाऊ का असे तिने विचारले. मी म्हटले, तू नको. तुला त्याच्याबरोबर सगळे आयुष्य काढायचे आहे. त्याचा राग माझ्यावर असू दे, तो मला पेलवेल. मी जाताना तो माझ्याबरोबर घेऊन जाईन.

मला खात्री नव्हती, हेही तुम्हाला लिहिते. दांड्याची गाडी तो चालवील की पार्किंगमध्ये तिच्यावर धूळ बसेल, ठाऊक नाही. हातांचेही पुढे काय, ते डॉक्टर सांगत नाहीत. हात आज चांगले आहेत एवढेच मला माहीत होते आणि तेवढ्यावर मी ठरवले.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून शोरूमला गेले. काउंटरवरच्या मुलाने मासी, आवो आवो म्हणून खुर्ची दिली. अभिजितचे नाव सांगितले आणि ऑटोमॅटिक लिहून घ्या म्हटले. तो म्हणाला की मासी, बुकिंग सरांच्या नावावर आहे, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाईल, तो त्यांनी सांगितल्याशिवाय काही होणार नाही. मी म्हटले, पाठवा. त्याने अभिजितला फोन लावला, मम्मी आल्या आहेत आणि ऑटोमॅटिक लिहायला सांगतात असे कळवले, आणि आकडे विचारले. पलीकडून काही आले नाही. मुलाने दोनदा हॅलो म्हटले आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. अभिजितचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने आकडे सांगितले, एकेक करून, लहान मुलाला लिहून घ्यायला सांगतात तसे, आणि मी ते एकेक करून त्या मुलाला सांगितले.

प्रतिमाला आशीर्वाद. आमच्या घरावर तुमचे लक्ष असू द्या.

तुमची वहिनी,
मंदाकिनी